शालीला चढलेला रंग

कोठाराचं छप्पर गळलं, संस्थानचा गहू भिजला, आणि दिवाण त्र्यंबकरावांनी कोठीवाल्या येसाजीला भर कचेरीत उभं केलं.

"मला का कळवलं नाहीस? उद्यापासून घरी बस."

येसाजीने तीनदा कळवलं होतं. पण निरोप पायरीपायरीनेच वर यावा, हा दिवाणसाहेबांचाच दंडक. आणि वाईट बातमी त्यांना खपत नाही, हे प्रत्येक पायरीला ठाऊक.

"साहेब, आत्ताही एक तातडीचं आहे. दंडकाप्रमाणे सांगू?"

"सांग."

येसाजी नाईकाच्या कानाला लागला. नाईक कारकुनाला म्हणाला, "साहेबांच्या शालीला जराशी शाई लागलीय." कारकून शिरस्तेदारांना म्हणाला, "शालीचा रंग थोडा बदललाय." शिरस्तेदार हात जोडून म्हणाले, "सरकार, आज शालीला काय सुरेख रंग चढलाय!"

दिवाणसाहेब खुलले. "हे तातडीचं होय रे?"

"मी म्हणालो होतो, साहेब, शालीचा पदर मघापासून दौतीत बुडालाय."

त्र्यंबकरावांनी पदर उचलला. वीतभर काळा झाला होता. त्यांनी शिरस्तेदार, कारकून, नाईक असं ओळीने पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना.

"इकडे ये, येसाजी. माझ्याजवळ बस. आता सांग, छपराचं काय म्हणत होतास?"