दार्भायणांचे कन्यामुखदर्शन

त्रेतायुग नुकतेच कुठे सुरू झाले होते, पृथ्वीवर माणसांपेक्षा वृक्ष अधिक होते, आणि माणसाच्या अंगणात उतरायला देवांना अजून कमीपणा वाटत नव्हता. त्या काळी रेवातीरी, विंध्याद्रीच्या एका शीतल खोऱ्यात दार्भायण नावाचे महर्षी आपली पत्नी अर्चिष्मती हिच्यासह राहत असत. साल, अर्जुन आणि मधूक यांच्या घनदाट छायेत वसलेला, प्रातःकाळी होमधूमाने आणि सायंकाळी परतणाऱ्या धेनूंच्या धुळीने सुगंधित होणारा, जिथे हरिणी यज्ञवेदीवरचे दर्भ निर्भयपणे चघळत आणि शुकसारिका मुनींच्या आधी मंत्र म्हणून टाकत, असा तो आश्रम होता. आश्रम सगळेच सुंदर असतात, तेव्हा वर्णन इथेच आवरते घेतो. त्या अंगणात एक विशाल फणस होता आणि त्याला कधीही फळ येत नसे, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

फणसाला फळ का येत नसे, तर दार्भायणांच्या तोंडामुळे. तारुण्यात त्यांनी घोर तप केले होते. बारा वर्षे पर्णे, बारा वर्षे जल आणि बारा वर्षे केवळ वायू एवढ्यावर त्यांनी देह जगवला, तेव्हा प्रत्यक्ष ब्रह्मदेव हंसारूढ होऊन समोर उभे राहिले. इतर तपस्वी अशा वेळी स्वर्ग मागतात, राज्य मागतात, अमरत्व मागून फसतात. दार्भायणांना आपल्या वाणीचा मोठा अभिमान. माझ्या मुखातून जे सहज निघेल ते सत्य व्हावे, असा वर त्यांनी श्लोक रचून मागितला. यातला ‘सहज’ हा शब्द विचारपूर्वक घातलास ना, असे पितामहांनी दोनदा विचारले. मुनी हो म्हणाले. खरे पाहता तो शब्द त्यांनी वृत्तात बसावा म्हणून घातला होता.

पितामह ‘तथास्तु’ म्हणून निघून गेले आणि मुनींच्या संसाराला विलक्षण कळा आली. मुनी ठरवून, घोळवून, शुद्ध उच्चारात जे बोलत ते वाऱ्यावर जाई. विचार न करता जे बोलून जात ते मात्र तंतोतंत खरे होई, आणि ते खरे होणार याची खूण म्हणून अग्निकुंडातली ज्वाला क्षणभर उजवीकडे झुके. एकदा शेजारच्या आश्रमातले एक वृद्ध ऋषी भेटीला आले असता, चातुर्मास इथे काढल्याशिवाय आम्ही काही तुम्हाला सोडत नाही, असे मुनी कौतुकाने म्हणाले. ज्वाला झुकली, आणि त्या बिचाऱ्या ऋषींचे पाऊल चार महिने कुंपणाबाहेर पडेना. त्यांच्या पत्नीने रोज पैलतीरावर उभे राहून हाका मारल्या. दुसऱ्या एका वर्षी फणस उशिरा मोहरला म्हणून मुनी वैतागून म्हणाले, याला काही फळ यायचे नाही. त्यानंतर त्यांनी त्या झाडाची स्तोत्रे गायिली, शंभर वेळा शब्द मागे घेतला, पण ज्वाला जागची हलली नाही आणि फणसही बधला नाही.

असे दोन-चार प्रसंग घडल्यावर दार्भायणांनी बोलणेच सोडल्यात जमा केले. ज्या वाणीसाठी छत्तीस वर्षे देह झिजवला तिला कुलूप लावून ते मानेने आणि हातांनी संसार करू लागले. अर्चिष्मती मोठी विनोदी स्त्री होती. नवरा कधीच उलट बोलत नाही असे भाग्य तिन्ही लोकांत माझेच, असे ती पाण्यावर येणाऱ्या ऋषिपत्नींना सांगे. तिला एकच दुःख होते. लग्नाला पंचवीस वर्षे होऊनही पाळणा हलला नव्हता.

आणि एका वसंत ऋतूत, दोघांचेही केस पिकू लागल्यानंतर, तो योग आला. होम चालू असताना अर्चिष्मतीने पतीच्या कानाशी येऊन ती वार्ता सांगितली. मुनींच्या हातातली पळी तुपासकट कुंडात पडली. वीस वर्षांचे मौन, संयम, सावधपणा, सगळे त्या एका आनंदात वाहून गेले, आणि ते बोलून गेले, ‘‘अर्चिष्मती, आता एकदा बाळाचं तोंड पाहिलं की मी डोळे मिटायला मोकळा.’’

ज्वाला उजवीकडे झुकली.

अर्चिष्मती मटकन खाली बसली. म्हातारीकोतारी माणसे हे वाक्य येताजाता बोलतात आणि पुढे नातवंडांची लग्ने लावून जेवायला बसतात, तुम्हालाच ते बोलायला कुणी सांगितले होते, असे ती म्हणाली आणि पदरात तोंड लपवून रडली. मुनींना रडताही येईना. आपल्या अपत्याचे मुखदर्शन आणि आपला मृत्यू एकाच क्षणी उभे राहणार, हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने ठरवून टाकले होते.

त्यानंतरचे महिने मुनींनी सुटकेची वाट शोधण्यात घालवले. रेवेच्या डोहाकाठी उभे राहून ते मोठ्याने म्हणत, मी शतायुषी होईन. कुंडाकडे धावत येऊन पाहत, तर ज्वाला सरळ. मुद्दाम बेसावध होण्याचाही त्यांनी यत्न केला, पण ठरवून बेसावध होणे ब्रह्मदेवालाही जमले नसते. दूर नैमिषारण्यात निघून जावे असाही विचार झाला, तर जातकर्माची अडचण. बाळ जन्मताच, त्याची नाळ कापण्यापूर्वी, पित्याने सुवर्णाच्या शलाकेने मधुघृत त्याच्या जिभेला लावावे आणि उजव्या कानात आशीर्वाद सांगावा, हा विधी दुसऱ्या कुणाच्या हातून चालत नाही. शेवटी अर्चिष्मतीनेच तोड काढली. तिने वल्कलाची दुहेरी पट्टी शिवली. मुनींनी डोळे बांधून विधी करायचा आणि पुढेही कन्या असो वा पुत्र, त्याच्यासमोर जन्मभर डोळे बांधूनच राहायचे.

मुनींनी ते मान्य केले. पट्टी बांधून गोठ्यातल्या वासराच्या जिभेला मध लावण्याचा सराव ते करू लागले. वासरू खूश होते. आशीर्वादासाठी त्यांनी सोळा श्लोक रचले आणि मुखोद्गत केले. एके दिवशी मात्र अर्चिष्मतीने पाहिले, की ते गोठ्यात नुसतेच बसले आहेत आणि पट्टी ओली झाली आहे.

शरदातल्या एका स्वच्छ सकाळी तिला वेणा सुरू झाल्या. पलीकडच्या शबरवस्तीतून तुंबी नावाची वृद्ध सुईण आली. हिने पाच वस्त्यांची तीन पिढ्यांची बाळंतपणे केली होती आणि ती कुणा मुनीला भीत नसे. तिच्या पाठोपाठ अंगणात आणखी एक पाहुणा आला. मेघश्याम देह, रक्तवस्त्र, हाती पाश. आपला महिष त्याने कुंपणाशी उभा केला आणि स्वतः फणसाखाली शांतपणे बसला.

‘‘मुनिवर,’’ वैवस्वत यम म्हणाला, ‘‘राजाच्या दारी मी न बोलावता जातो, रंकाच्या दारीही न बोलावताच जातो. ज्याने स्वमुखाने मला निमंत्रण दिले असा यजमान मला आपल्या रूपाने प्रथमच भेटत आहे. आपण मुखदर्शन करू नये, मी आनंदाने परत जाईन. आपण केलेत, तर आपला शब्द पाळणे मला भाग आहे.’’

मुनींनी मान हलवली, त्याच्यासमोर अर्घ्यपात्र ठेवले आणि आपल्या डोळ्यांवर पट्टी बांधली.

सूर्य वृक्षाग्रांवर आला तेव्हा पर्णकुटीतून कोवळा, संतप्त, सगळे अरण्य दणाणून सोडणारा टाहो उठला. हरिणींनी माना वर केल्या. तुंबीने आतून मुलगी झाल्याची हाक दिली. मुनी मधुघृताचे पात्र आणि सुवर्णशलाका घेऊन, भिंत चाचपत आत गेले. कित्येक दिवसांचा सराव होता, हातही स्थिर होता, परंतु वासरू मान वर करून जीभ पुढे काढते आणि नवजात बालक तसे करीत नाही, हे त्यांच्या गणितात नव्हते. पहिला थेंब बाळाच्या हनुवटीवर गेला, दुसरा नाकावर. तिने असा काही आकांत मांडला की यमाच्या महिषानेही कान टवकारले.

‘‘मुनीबाबा, डोळं बांधून का लेकीला मध चाटवत्यात?’’ तुंबी वैतागून म्हणाली. ‘‘आता डोळ्यात घालशीला तिच्या. नाळ कापायची थांबलीय माझी. बघायचं तर नीट बघा, न्हाईतर बाजूला व्हा.’’

अर्चिष्मतीने शक्ती नसतानाही हात पुढे करून पतीचे मनगट घट्ट धरले. त्या स्पर्शाचा अर्थ मुनींना कळला. पण समोर ते मूल रडत होते. रडतारडता त्याच्या मुठी हवेत चालत होत्या, आणि त्यातली एक मूठ मुनींच्या दाढीला लागली आणि तिथेच आवळली गेली. या मुलीला या जगात येऊन अजून घटकाही झालेली नाही, ती कुणाला तरी शोधते आहे, आणि ज्याला शोधते आहे तो स्वतःच्या जिवाला जपत डोळे बांधून बसला आहे, या विचाराची त्यांना भयंकर लाज वाटली. आपण किती जगतो याहून हिला कुणी पाहिले हे त्यांना मोठे वाटले. त्यांनी पत्नीची बोटे एकेक करून हळूच सोडवले आणि पट्टी काढली.

लालबुंद, सुरकुतलेली, कपाळावर ओले काळे जावळ, नाकाच्या शेंड्यावर मधाचा थेंब. सगळ्या उपनिषदांचे चिंतन केलेला तो पुरुष आपल्या मुलीकडे पाहून हसला. दारात सावली पडली. यम पाश घेऊन उंबऱ्याशी उभा होता. मुनींनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. त्यांनी शलाका तिच्या जिभेला लावली, आशीर्वादासाठी उजव्या कानाशी तोंड नेले, आणि सोळाच्या सोळा श्लोक साफ विसरले. पोर अजून हमसत होती. जगातल्या कुठल्याही बापाच्या तोंडून निघावे तसे त्यांच्या तोंडून निघाले, ‘‘रडू नकोस गं बाळे. मी आहे ना.’’

बाहेर अग्निकुंडातली ज्वाला उजवीकडे झुकली आणि बराच वेळ तशीच राहिली.

यमाने उचललेला पाश खाली केला. सृष्टीच्या आरंभापासून त्याला असा पेच पडला नव्हता. मुनींचा एक अमोघ शब्द म्हणत होता यांना घेऊन जा, दुसरा तितकाच अमोघ शब्द म्हणत होता हे इथेच आहेत. त्याने पितामहांचे स्मरण केले. हंसाच्या पंखांचा वारा अंगणात उतरला आणि चतुर्मुख ब्रह्मदेव येऊन उभे राहिले. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, मग मुलीकडे पाहिले. ती एव्हाना रडायची थांबली होती.

‘‘वैवस्वता,’’ पितामह म्हणाले, ‘‘पहिला शब्द या मुनीने स्वतःसाठी उच्चारला. जे स्वतःसाठी उच्चारले ते उधळण्याचा अधिकार माणसाला आहे. दुसरा शब्द याने नवजात कन्येच्या कर्णात ठेवला. तो आता याचा राहिला नाही, तिचा झाला. जे तिचे आहे ते तिच्यापासून काढून घेण्याचे सामर्थ्य माझ्यातही नाही आणि तुझ्यातही नाही. ही कन्या जोवर दुःखात पित्याकडे वळून पाहील, तोवर तू या अंगणात येऊ नकोस.’’ मग ते दार्भायणांकडे वळले. ‘‘परंतु मुनिश्रेष्ठा, ज्या जिभेचा एक शब्द खोटा ठरला तिच्यावर सिद्धी राहू शकत नाही. छत्तीस वर्षांचे तुझे तप आज व्यर्थ जाईल.’’

‘‘पितामह,’’ मुनी हात जोडून म्हणाले, ‘‘ती सिद्धी आत्ताच घेऊन जा.’’

सिद्धी गेल्याचे कळले कसे, तर पाहुण्यांची पाठ वळण्यापूर्वीच मुनी मुलीवर वाकले आणि वीस वर्षांचा तुंबलेला ओघ वाहू लागला. माझी नकटी, माझी माकडीण, तुला मी गट्टम करीन, तुला वाघाला देऊन टाकीन, तुझे हे नाक मी कापूनच ठेवणार आहे, असे ते भान हरपून बोलत होते. अर्चिष्मतीने घाबरून दारातून कुंडाकडे पाहिले. ज्वाला सरळ होती. तेव्हा ती बाळंतीण इतकी हसली की तुंबीने तिला दटावून आडवे केले. ब्रह्मदेव उंबऱ्यावर थांबून हे ऐकत होते. आईबाप लेकरांशी लाडाने जे बरळतात ते देवांनी यापुढे हिशेबात धरू नये, असा नियम त्यांनी तिथेच घालून दिला. कानाशी वाकून दिलेला धीराचा एक शब्द तेवढा त्यांनी त्यातून वगळला.

मुलीचे नाव अभया ठेवले. बाराव्या दिवशी आलेल्या ऋषींशी मुनी एवढा वेळ बोलत बसले की चातुर्मासवाल्या वृद्ध ऋषींनी कुंपणाबाहेर उभे राहूनच आशीर्वाद दिला. पुढच्या उन्हाळ्यात फणसाला बुंध्यापासून शेंड्यापर्यंत फळे लागली. अभया मोठी झाली, सासरी गेली, तिचीही नातवंडे झाली, तरी पायात काटा मोडला की ती बापाच्या आश्रमाच्या दिशेनेच पाही, आणि अतिवृद्ध दार्भायण काठी टेकत दारात येत. यम अनेकदा त्या वाटेने गेला. तो कुंपणाशी कानोसा घेई आणि आत बापलेकींच्या गप्पा चालू आहेत असे ऐकून महिष पुढे हाकी.

म्हणून आजही रडणारे मूल पहिल्यांदा हातात आले की बापाला शिकवलेले, ठरवलेले काही आठवत नाही, आणि त्याच्या तोंडून ‘मी आहे ना’ हेच शब्द निघतात. त्या क्षणापुरती त्याची जीभ दार्भायणांची असते, आणि दाराशी कुणी येऊन उभे राहिले असेल, तर तेही जरा वेळ बाहेरच थांबते.