पहिल्या बाकावरचा भालचंद्र

गल्लीतल्या शाळेचे जुने सवंगडी तीस वर्षांनी एकत्र जमले, आणि नगराध्यक्ष झालेला भालचंद्र काही माइक सोडेना. "मी कायम पहिल्या बाकावर! आणि ही यमुना कायम वर्गाबाहेर, अंगठे धरून!"

सगळे खो खो हसले. यमुनेच्या शेजारी बसलेल्या तिच्या लेकीचा चेहरा मात्र पडला.

यमुना ताडकन उठली. "अगदी खरं! पण अंगठे धरले की खाली कोब्यात काय दिसायचं, आठवतंय का कुणाला?"

"मांजराचं पाऊल!" भालचंद्र भान हरपून ओरडला. "ओल्या सिमेंटात उमटलेलं, अगदी नाकासमोर!"

"बघा," यमुना म्हणाली, "पहिल्या बाकावरून किती लख्ख दिसायचं ते!"

सगळ्यांत आधी हसली ती लेक.