नववा पॉइंट

"मग दहावा पॉइंट कुठला धरू, लामाजी?"

लामा तोपगे चुलीशी हात शेकत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"नऊ पुरत नाहीत?"

"नऊ आता सगळेच दाखवतात. माझ्याच पत्रकावरून उचलले लोकांनी." धारपुरे सर हसले. त्या हसण्यात तक्रार थोडी आणि समाधान जास्त होतं.

अविनाश धारपुरे सांगलीचे. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर सहली काढायला लागले. सिक्कीममधल्या या डोंगरी गावात त्यांचं हे सातवं वर्ष. प्रत्येक प्रवाशाच्या गळ्यात ते एक छापील कार्ड अडकवत. त्यावर नऊ पॉइंटांची नावं आणि प्रत्येक नावापुढे चौकोन. पॉइंट झाला की चौकोनात बरोबरची खूण. धबधब्याला पाणी नसलं तरी खूण व्हायचीच, कारण कार्ड आधीच छापून झालेलं असायचं. 'आमच्या टूरमध्ये बघायचं काही राहत नाही' असं ते छातीठोकपणे सांगत.

लामा तोपगे त्यांच्याशी मराठीत बोलत. तरुणपणी चौदा वर्षं ते पाचगणीच्या एका शाळेत स्वयंपाकी होते. उतारवयात गावी परतले आणि इथल्या गोम्पात, म्हणजे बौद्ध मठात, राहायला आले. पॉइंट म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"गोम्पाच्या मागे गुहा आहे ना," सर म्हणाले. "तुम्ही ध्यानाला बसता ती. पाचच मिनिटं हो. बावीस माणसं आहेत. चपला बाहेर काढतील, कुणी चकार शब्द बोलणार नाही. फक्त दुसऱ्या कुठल्या टूरवाल्याला दाखवू नका, एवढंच."

"तिथे बघण्यासारखं काही नाही."

"असं कसं?"

"अंधार आहे. आणि माझी गोधडी."

सर थोडे हिरमुसले.

मग लामांनी विचारलं, "नवव्या पॉइंटला काय पाहिलंत?"

नववा पॉइंट सरांचा लाडका. गोम्पाच्या वरच्या धारेवर उंच बांबूंना उभी बांधलेली पांढरी निशाणं, आणि त्यांच्या मागे कांचनजुंगा. सहा वर्षांपूर्वी सरांनीच तो शोधून काढला होता आणि त्याचं 'श्वेतध्वज पॉइंट' असं बारसंही केलं होतं. तिथला फोटो नसेल तर सहल झाली असं कुणी मानायचं नाही.

"कसली निशाणं आहेत ती, सर?"

"शांतीची," सर म्हणाले. तीस वर्षं फळ्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला उत्तर येत नाही, असं सहसा होत नाही.

लामांनी चुलीत एक लाकूड सारलं.

सरांना वाटलं, परवानगीचं घोडं कुठे अडलंय ते कळलं. त्यांनी बॅग उघडली.

"तुम्हाला वाटत असेल, ही फिरस्ती माणसं, यांना पावित्र्याचं काय कळणार! हे बघा."

प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी एक पांढऱ्या कापडाची घडी काढली. लांबलचक, अरुंद, कडक इस्त्रीचं कापड.

"गेल्या ऑक्टोबरातलं. बाकीची निशाणं जुनी, चिंध्या झालेली. हे एकच नवंकोरं, आणि नेमकं शिखराच्या आड. ग्रुपचा फोटो काही मनासारखा येईना. तेव्हा मी स्वतः बांबू काढून आडवा ठेवला. अगदी हळू हां, ढकलला नाही. कापड कुणाच्या पायदळी येईल म्हणून गाठी सोडून घरी नेलं. रिठ्याच्या पाण्यात धुतलं. बायकोनं कडांना तुरपाई घातली. वर्षभर देवघरात आहे! आज तुमच्या हातून मंत्रून घ्यावं म्हणून आणलंय."

लामांनी कापड मांडीवर घेतलं. घडी उलगडली. खालचं टोक खिडकीच्या उजेडात धरलं आणि तिथली अक्षरं पुन्हा पुन्हा वाचली.

"धुण्यात अक्षरं जरा फिकी झाली," सर म्हणाले. "पण मंत्रच आहे ना?"

"वर मंत्र आहे. खाली नाव आहे."

"देणगीदाराचं?"

"नाही. मेलेल्याचं."

"आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्या नावानं लावतात," लामा म्हणाले. "मग त्याला कुणी हात लावत नाही. वाऱ्यापावसात झिजून झिजून ते संपायचं असतं. ज्यांना जमतं ते एकशे आठ लावतात. हिच्या आईला एकच जमलं."

"हिच्या... म्हणजे कुणाच्या?"

"केसांग. एकोणीस वर्षांची होती. तुम्ही उतरता त्याच हॉटेलात काउंटरवर बसायची."

सरांना ती आठवली. तिला त्यांनीच शिकवलं होतं, 'नमस्कार, चहा झाला का?' मग दर वर्षी बस थांबली की ती दारात येऊन तेवढंच वाक्य म्हणायची आणि सगळा ग्रुप टाळ्या वाजवायचा.

"गेल्या वर्षी सप्टेंबरात जीपवर दरड पडली," लामा म्हणाले.

म्हणजे ऑक्टोबरात काउंटरवर दुसरी मुलगी होती. यंदाही तीच होती. सरांनी तिच्याकडून खोल्यांच्या किल्ल्या मोजून घेतल्या होत्या.

"मला... मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं होतंत?"

सरांनी हळू आवाजात विचारलं, "आई कोण तिची?"

लामांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

आत आमा छोडेन चहा करत होती. गोम्पातल्या सगळ्यांचा स्वयंपाक तीच करायची. सात वर्षं सरांना इथे चहा मिळाला तो तिच्या हातचा. पत्रकाच्या तिसऱ्या पानावर कप पुढे करून हसणारी बाई तीच. आमा म्हणजे आई, एवढं सरांना ठाऊक होतं. कुणाची, ते ठाऊक नव्हतं.

"तुम्ही गेल्यावर ती वर गेली होती," लामा म्हणाले. "बघते तर बांबू आडवा, कापड नाही. धावत खाली आली. म्हणाली, लामाजी, वाऱ्यानं महिन्यात नेलं हो तिला! लोकांना वर्षं लागतात, माझी पोर महिन्यात मोकळी झाली. त्या दिवशी तिनं सगळ्यांना गोड भात घातला. आणि स्वतःही जेवली. तोवर ती जेवत नव्हती."

"आणि तुम्ही?"

"मी वर जाऊन बांबू पाहिला. वारा कापड फाडतो, सर. गाठीत चिंधी राहते. तिथे एक धागा नव्हता. हे माणसाचं काम आहे, मला तेव्हाच कळलं."

"तिला नाही सांगितलंत?"

"ती जेवत होती..." लामांनी कापडाची एक सुरकुती बोटानं सारखी केली. "वर्ष झालं, तिनं वाढलेलं मी मान खाली घालून खातो."

तेवढ्यात आमा छोडेन दोन कप घेऊन आली. लामांच्या मांडीवरचं पांढरं कापड तिनं पाहिलं आणि कप हलकेच खाली ठेवले. कापडाची घडी घेऊन लामांकडे माणूस कशासाठी येतो, हे त्या गावात लहान पोरालाही कळतं.

"सर," ती आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली, "तुमचं कोण गेलं?"

सरांचे डोळे भरून आले.

आमा त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. त्यांच्या गुडघ्यावर तिनं हात ठेवला.

"रडू नका. माझी मुलगी गेली तेव्हा मलाही वाटलं, संपलं सगळं. पण इथला वारा चांगला आहे. महिन्यात नेलं तिला. तुमच्या माणसालाही नेईल. मी येते तुमच्यासोबत वर."

तो गुडघा कुठे नेऊन ठेवावा, असं सरांना झालं. पासष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यांना इतकी लाज कधी वाटली नव्हती.

आमा लामांकडे वळली. "नाव काय लिहिलंय? जपाला नाव लागेल."

लामांनी नाव वाचलं नाही. कापड उचलून त्यांनी सरांच्या पुढे धरलं.

"सर सांगतील."

सरांची आई बारा वर्षांपूर्वी वारली होती. तिचं नाव त्यांच्या जिभेवर आलं. अगदी ओठांपर्यंत आलं. लामांनी ते खोडून काढलं नसतं, हेही त्यांना कळत होतं. आणि ही बाई उद्यापासून रोज त्यांच्या आईसाठी माळ ओढत बसली असती.

आमा वाट पाहत होती.

"केसांग," सर म्हणाले.

तिनं मान हलवली. "तुमच्यातही असतं हे नाव?"

"नाही, आमा. तुमचीच केसांग. ते... ते मी काढलं होतं. फोटोत आड येत होतं म्हणून."

चुलीवर किटली खदखदत होती, तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. खाली रस्त्यावर बसवाल्यानं हॉर्न दिला. मग पुन्हा दिला. सरांच्या खिशात फोन थरथरला. ग्रुपची मॉल रोडवरची खरेदी अजून राहत होती.

आमानं कापड हातात घेतलं. नाकाशी नेलं. कडेवरून बोट फिरवलं.

"वाऱ्यानं नाही नेली?"

"नाही."

तिनं लामांकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"होतं," लामा म्हणाले.

त्यानंतर तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"मग वर्षभर कुठे होती ती?"

"माझ्या घरी," सर म्हणाले. "सांगलीला. देवघरात."

"दिवा लावत होता?"

"रोज. बायको लावते."

"कुणासाठी लावते, माहीत आहे तिला?"

"नाही..."

आमानं कापड मांडीवर पसरलं.

"तिकडे थंडी असते?"

"नाही, आमा. उकाडाच असतो."

"बरं झालं," आमा म्हणाली. "तिला थंडी सोसायची नाही."

सरांनी चष्मा काढला. पुसायला काही सापडेना, तेव्हा तो तसाच हातात धरून बसले.

आमानं कापडाची कड दाताखाली धरून टाका तोडायला सुरुवात केली. "हे उसवायला हवं. शिवलेलं झिजणार कसं?"

दुसरी कड सरांनी घेतली. बायकोची तुरपाई पक्की होती, नखानं सुटत नव्हती. तिनं किती मन लावून ती घातली होती, ते त्यांनी पाहिलं होतं. आता घरी जाऊन तिला हे सांगायचं होतं. दोघं समोरासमोर बसून एकेक टाका काढत राहिली. चहावर साय धरली. खाली हॉर्न वाजायचा बंद झाला.

सगळे टाके निघाल्यावर आमा उठली. सरही उठले. लामांनी विचारलं, "मी येऊ?"

"पहार घेऊन या," ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली.

लामा तोपगे पहार खांद्यावर घेऊन त्या दोघांच्या मागून चढ चढले.

धारेवर कुठला तरी दुसरा ग्रुप होता. गळ्यात कार्डं होती. कांचनजुंगा ढगांतून मोकळी झाली होती. जुना बांबू अजून तिथेच गवतात पडलेला होता. आमानं त्याला कापड बांधलं, पाच गाठी मारल्या आणि प्रत्येक गाठ ओढून पाहिली. लामांनी पहार मारली. जमीन दगडाची, खड्डा काही लवकर होईना.

"अहो, दोन मिनिटं थांबता का?" मागून कुणीतरी स्वच्छ मराठीत म्हणालं. "आमचा फोटो होऊ द्या."

सरांनी मागे वळून पाहिलं नाही. कानांच्या पाळ्यांपर्यंत ते लाल झाले होते.

खड्ड्यात बांबू उभा राहिला. सरांनी तो धरला. आमा त्यांच्या पायाशी गुडघे टेकून बसली आणि एकेक दगड बुडाशी ठासू लागली. वारा जोराचा होता. वरचं कापड फडाफड वाजत होतं. सरांना खाली तिचा विरळ झालेला भांग दिसत होता आणि दगडांवर खरचटलेली बोटं दिसत होती. त्यांना ते सहन होईना.

"आमा..." ते म्हणाले. "आमा, मला क्षमा करा..."

आणि बांबू सोडून त्यांनी तिच्यापुढे हात जोडले.

बांबू हेलकावला आणि तिच्या डोक्यावर झुकला.

लामा म्हणाले, "हात जोडू नका, सर. बांबू धरा."