साळूचे काटे आणि पलीकडचा उतार

बालमित्रांनो, डोंगराच्या कुशीतल्या एका दाट रानावर एक रानडुक्कर राज्य करीत असे. दर काही वर्षांनी सगळ्या प्राण्यांनी मत देऊन आपला राजा निवडायचा, अशी तिथली रीत होती. त्याच रानात एक म्हातारी साळू राहायची. पावसाळ्यात वारुळांभोवती अळंबी उगवली, की ती हुंगून खाण्याजोगी कोणती आणि विषारी कोणती, हे ठरवण्याचे काम राज्याने तिच्याकडे सोपवले होते. विषारी अळंब्यांभोवती ती आपले गळलेले काटे रोवून ठेवी. काटे दिसले की लहान पिल्लेसुद्धा मुकाट्याने मागे फिरत.

एका वर्षी ऐन अळंब्यांच्या दिवसांत निवडणूक आली. रानडुकराविरुद्ध एक हरिणी उभी राहिली. ती पलीकडच्या उतारावर राहायची आणि तिथले सारे प्राणी तिच्या बाजूचे होते. त्या उतारावरचे कोवळे गवत दरडीखाली गाडले गेले होते, त्यामुळे सगळ्यांची भिस्त अळंब्यांवरच होती. रानडुकराने साळूला बोलावून घेतले. "साळूबाई, पलीकडच्या उतारावर काटे रोवून या." साळू चपापली. "पण महाराज, तिथली अळंबी तर चांगली आहेत!" "ते मलाही ठाऊक आहे. भूक लागली की ते सगळे माझ्या दारात येतील. मी त्यांना इकडची अळंबी वाटीन आणि ते मला मत देतील. निवडणूक झाली की काटे काढून टाका." "अहो, तिथे दूधपिती पिल्ले आहेत. आयांच्या पोटात काही गेले नाही, तर त्यांना दूध कुठून मिळणार?" रानडुकराने नाक फेंदारले. "हे काम तुम्हाला राज्याने दिले आहे, आणि राज्य माझे आहे." साळू घाबरली. पलीकडच्या उतारावर जाऊन तिने एकेक काटा रोवला. तिचे डोळे सारखे भरून येत होते.

पलीकडच्या उतारावर उपासमार सुरू झाली. काही प्राणी मान खाली घालून रानडुकराच्या दाराशी गेले. हरिणीचे पाडस मात्र आईच्या कोरड्या आचळाला तोंड लावून तसेच झोपी जाई. शेवटी एका सशाला भूक सोसवेना. डोळे मिटून त्याने काट्यांमागचे एक अळंबे खाल्ले. त्याला काहीच झाले नाही! ही बातमी रानभर पसरली आणि मतांसाठीच रानडुकराने ते खोटे काटे रोवायला लावले, हे सगळ्यांनी ओळखले. नेमकी त्याच वेळी रानडुकराच्या घरामागे खरोखरची विषारी अळंबी उगवली. साळूने लगबगीने तिथे काटे रोवले. रानडुकराचे पिल्लू ते पाहून हसले. "हे तर निवडणुकीचे काटे!" असे म्हणून त्याने एक अळंबे गट्ट केले.

थोड्याच वेळात ते पोट धरून लोळू लागले. त्याचा आक्रोश ऐकून सर्वांत आधी हरिणी धावत आली. पिल्लाला बिलगून ती बसली आणि त्याचे तापलेले कपाळ चाटू लागली. साळू पानापानातून पाणी आणीत राहिली. रानडुकराला तोंड वर करवेना. "तू का आलीस? तुझे पाडस तर माझ्यामुळे उपाशी राहिले," तो पुटपुटला. "म्हणूनच आले. लेकरू तळमळताना आईबापांचे काय होते, ते मला ठाऊक आहे," हरिणी म्हणाली. दुसऱ्या दिवशी ऊन वर आले, तेव्हा पिल्लाने डोळे उघडले. रानडुक्कर तडक पलीकडच्या उतारावर गेला आणि सगळे काटे त्याने स्वतःच्या तोंडाने उपटले. त्याच्या जिभेतून रक्त आले, पण तो थांबला नाही. मग भरसभेत त्याने आपला अपराध सांगितला.

प्राण्यांनी हरिणीला निवडून दिले. साळू तिच्यासमोर येऊन म्हणाली, "मी भ्याले आणि खोटे काटे रोवले. आता हे काम दुसऱ्या कोणाला तरी द्या." हरिणी म्हणाली, "काम तुम्हीच करा, साळूबाई. मात्र काटा कुठे रोवायचा, हे यापुढे तुम्हाला कोणीही सांगायचे नाही. मीसुद्धा नाही." साळूने एक चांगले अळंबे हुंगून रानडुकराच्या पिल्लापुढे ठेवले. पिल्लू दोन पावले मागे सरले. "साळूआजी, आधी तुम्ही खा ना." म्हातारी रागावली नाही. तिने अळंब्याचा अर्धा भाग सावकाश चावून खाल्ला. पिल्लू तिच्याकडे टक लावून बघत राहिले. बऱ्याच वेळाने ते पुढे आले आणि तिच्याजवळ बसून उरलेला अर्धा भाग त्याने खाल्ला.

तात्पर्य : राज्याची सत्ता सर्वांच्या रक्षणासाठी असते. निवडणूक जिंकण्यासाठी तिचा गैरवापर केला, तर लोकांचा विश्वास उडतो आणि मग खऱ्या संकटात आपल्याच लेकरांना वाचवणे कठीण होते.