दगड जागच्या जागी

एका राज्यात दगडांना काही तोटा नव्हता. उत्तरेला काळ्या पाषाणाचा डोंगर होता, पूर्वेला नदीकाठी तांबड्या दगडाचे कडे होते आणि पश्चिमेला एक लहानशी पांढरी टेकडी होती. त्या टेकडीवर शैलंधर नावाच्या मांत्रिकाच्या पूर्वजांच्या संगमरवरी मूर्ती उभ्या होत्या. मांत्रिक रोज सकाळी यायचा, मूर्तींवरची धूळ पुसायचा आणि आल्या वाटेने निघून जायचा. त्याचा कुणाला उपद्रव नव्हता.

राजाचं नाव कीर्तिसेन. त्याची राणी अकाली वारली, मागे एकुलती एक लेक राहिली, सुवेला. राणी गेली त्या दिवशी राजाच्या मनात जे भय शिरलं, ते काही केल्या निघेना. शत्रू येईल, लेकीला घेऊन जाईल. कुठला शत्रू, हे त्याला विचारण्याची कुणाची छाती नव्हती, आणि विचारलं असतं तरी त्याला सांगता आलं नसतं. त्याने गड बांधायला काढला. असा गड, की वाऱ्यानेही आत येताना परवानगी मागावी. काळा, तांबडा, पांढरा, हाताला लागेल तो दगड एकाच भिंतीत चढू लागला. माणसं राबली, पडली, काही दगडाखाली गेली. कुणी कुरकुर केली की राजा म्हणे, "मी काय माझ्यासाठी करतो? माझ्या सुवेलासाठी करतो."

एकदा सुवेला म्हणाली, "बाबा, मला गड नको."

"तुला काय कळतं? तुझ्यासाठीच तर चाललंय सगळं."

त्यानंतर ती काही बोलली नाही. जेवायला बसे, थोडं खाई, हात धुऊन उठे. राजाला वाटलं, पोर शहाणी झाली.

गड अर्धा चढला आणि चुना संपला. राजाने पांढऱ्या टेकडीकडे बोट केलं. "पांढरा दगड भाजला की चुना होतो. तो आणा."

भट्टीवाले घुटमळले. "महाराज, त्या मूर्ती आहेत."

"दगड तो दगड," राजा म्हणाला.

मूर्ती भट्टीत गेल्या आणि चुना होऊन बाहेर आल्या. भिंत पुन्हा चढू लागली.

दुसऱ्या दिवशी शैलंधर दरबारात आला. तो ओरडला नाही, त्याने काठीसुद्धा आपटली नाही. त्याच्या हातात मूर्ती पुसायचं फडकं तेवढं होतं. तो म्हणाला, "राजा, तुला दगड ओळखता येत नाही. म्हणून तुझी तीन माणसं मी दगड केली आहेत. अंगणात उभी आहेत, जाऊन बघ. दगडांच्या तीन जाती. एक अग्नीने घडवलेला, एक पाण्याने घडवलेला आणि एक बदललेला. ज्याने घडवलं त्याच्या हाती दगड सोपव, माणूस परत मिळेल. चुकलास, तर दगड जाईल आणि माणूसही जाईल. प्रत्येकासाठी एकच संधी."

"आणि बदललेला कुणाच्या हाती सोपवायचा?"

"ते तुझं तू शोध," शैलंधर म्हणाला, आणि रिकाम्या भट्टीपाशी जाऊन बसला.

राजा अंगणात धावला. सेनापती भीमकेतु, राजाचा सख्खा धाकटा भाऊ, जिथे तलवार परजत उभा असे, तिथे एक तांबडा दगड होता. प्रधान शांतिदेवाच्या जागी ठिपक्याठिपक्यांचा. आणि तुळशीच्या कट्ट्याजवळ, सुवेला जिथे गुमान बसून राही, तिथे एक पांढराशुभ्र दगड होता. राजाने त्या पांढऱ्या दगडावर गाल टेकवला. तो थंडगार होता. राजा तिथेच खाली बसला.

तरी उठला, कारण राजाला असं बसून राहता येत नाही. त्याने विचार केला, आणि तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. त्याने दगडाचा विचार केला नाही, माणसाचा केला. भीमकेतु म्हणजे नाकावर राग. शब्दाला शब्द लागला की भडकणारा. "माझा भाऊ अग्नीचाच," राजा म्हणाला, आणि तांबडा दगड त्याने भट्टीत घातला. आग धडधडली. दगड तडकला, थराथराने सुटला, त्याच्या चकत्या झाल्या आणि चकत्यांचा भुगा झाला. राजा भावाचं नाव घेऊन हाका मारीत राहिला. भट्टीपाशी बसलेल्या शैलंधराने मान वर केली नाही.

राहिले दोन दगड. राजाला आता त्यांना हात लावायची भीती वाटू लागली. प्रधान शांत, थंड, म्हणजे पाण्याचा असेल. पण भाऊही अग्नीचाच वाटला होता की. आणि लेकीचा दगड कुठला, हे तर त्याच्या डोक्यातच येईना. जिला मांडीवर वाढवली, ती कशाची घडली आहे हे आपल्याला ठाऊक नाही, या एका गोष्टीने त्याचं काळीज पोखरलं. गडामागे जुनी खाण होती. तिच्या काठाशी जाऊन तो खाली बघू लागला. आता उडी टाकावी आणि सुटावं, असा त्याचा बेत होता.

"पाय सांभाळा!" कुणीतरी किंचाळलं. "माझी अंडी आहेत!"

राजाने पाहिलं तर एक टिटवी पंख पसरून त्याच्या अंगावर येत होती. खाली मात्र नुसते खडे.

"कुठे आहेत अंडी?"

"तुमच्या टाचेशी. चार."

राजा वाकला, बसला, डोळे फाडफाडून पाहू लागला, तेव्हा कुठे त्याला खड्यांत खड्यांसारखीच ठिपकेदार अंडी दिसली. तो म्हणाला, "टिटवे, एवढ्या दगडांत तू आपलं अंडं कसं ओळखतेस?"

"दगड ओळखते म्हणून. जो दगड नाही, ते अंडं."

"मीही दगड पाहिला. माझा भाऊ गेला." आणि राजाने तिला शैलंधराची अट सांगितली.

"कसा होता दगड? आडवे पट्टे होते?"

"होते."

"बोट फिरवलं तर रेती हाताला लागत होती?"

राजाने आपली बोटं पाहिली. नखांत अजून तांबडी रेती होती. "लागत होती," तो म्हणाला.

"मग तो पाण्याचा. नदी रोज थोडी रेती आणते, थोडा गाळ आणते. आजच्या थरावर उद्याचा थर. खालचे थर वरच्यांच्या भाराने दाबून घट्ट होतात आणि दगड होतो. कधी आत शिंपला सापडतो, कधी माशाचा काटा. त्याला नदीत ठेवायला हवं होतं."

"पण माझा भाऊ किती तापट होता!"

"तो राग एका दिवसाचा नसेल, महाराज. रोज थोडा साचला असेल."

राजाला आठवलं. भर दरबारात तो रोज भावाला काहीतरी टोचून बोलत असे. थट्टाच होती ती, असं त्याला आजवर वाटत होतं. तो तोंड झाकून रडला. टिटवी अंड्यांवर बसून राहिली. रडणं थांबल्यावर तिने विचारलं, "दुसरा कसा आहे?"

"पट्टे नाहीत. मोठे मोठे दाणे आहेत, पांढरे, गुलाबी, काळे, एकमेकांत गुंतलेले. चकाकतात."

"हा अग्नीचा. पृथ्वीच्या पोटात वितळलेल्या दगडाचा रस उकळत असतो. तो उसळून बाहेर आला तर चटकन निवतो, दाणा धरायला त्याला फुरसत मिळत नाही. तुमचा काळा डोंगर तसा. त्यात भोकं दिसतात ना, ती कोंडलेल्या वाफेची. पण तोच रस खालीच अडकून राहिला, तर युगानुयुगं निवत बसतो आणि दाणा मोठा धरतो."

राजाने ठिपक्यांचा दगड भट्टीत सोपवला. दगड लाल झाला, पांढरा झाला, आणि आगीतून प्रधान शांतिदेव चालत बाहेर आला. त्याने वाकून नमस्कार केला.

"प्रधानजी, तुम्ही अग्नीचे? मी तुम्हाला कधी रागावलेलं पाहिलं नाही."

"महाराज, गडाखाली माणसं मेली, मूर्ती जळल्या, मी रोज संतापत होतो. वर यायला वाट नव्हती."

राजाने राज्यकारभाराची मुद्रा प्रधानाच्या हाती दिली आणि पांढऱ्या दगडापाशी टिटवीला घेऊन आला.

टिटवी दगडावर बसली, उतरली, भोवती फिरली. म्हणाली, "लिंबू पिळा." राजाने पिळलं. जिथे रस पडला तिथे बारीक फेस आला. "याचा जन्म पाण्यातला आहे. शिंपल्यांच्या चुन्याचा दगड असा फसफसतो. पण यात शिंपला कुठे दिसत नाही. थर पुसले गेलेत, नुसती साखरेसारखी चमक राहिली आहे. महाराज, हा बदललेला दगड. फार मोठा भार पडला, आत धग लागली. हा वितळला नाही, मोडला नाही. होता तिथेच राहून आतल्या आत दुसरा झाला."

"मग पाण्यात ठेवू?"

"पाणी आता याला ओळखणार नाही."

"आगीत?"

"आगीत काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे."

राजाला ठाऊक होतं. त्या चुन्याने त्याच्या भिंती उभ्या होत्या. तो हताश होऊन म्हणाला, "मग याला कुणी घडवलं? कुणाच्या हाती देऊ?"

"भाराने घडवलं. भार काढा."

"कसला भार?"

"ते दगडाला विचारू नये," टिटवी म्हणाली. "ज्याने ठेवला त्याला माहीत असतं."

राजाने वर पाहिलं. समोर गड होता. त्यातला एकेक दगड चढवताना तो काय म्हणाला होता, हे त्याला आठवलं: "माझ्या सुवेलासाठी." एकही दगड त्या शब्दाशिवाय चढला नव्हता.

दुसऱ्या सकाळी राजाने पहार घेतली आणि गड उतरवायला लागला. गवंडी मदतीला धावले. पण दुसऱ्या कुणी काढलेला दगड उजाडताना पुन्हा भिंतीत बसलेला असे. तेव्हा सगळे मागे सरले आणि राजा एकटा उरला. नुसता दगड काढूनही भागत नव्हतं. काळा दगड काळ्या डोंगरावर न्यावा लागे, तांबडा नदीच्या कड्यापाशी, पांढरा पांढऱ्या टेकडीवर. एकदा थकून त्याने एक काळपट दगड न पाहता काळ्या ढिगात टाकला. तो मुळात चिखलाचा, दाबाने पाटीसारखा झालेला बदललेला दगड होता; त्याची जागा पांढऱ्या टेकडीच्या पायथ्याशी होती. सकाळी येऊन पाहतो तर भिंतीचा अख्खा थर परत चढला होता. त्या दिवशी राजा पायथ्याशी पडून राहिला. लेक परत यावी असंसुद्धा त्याला त्या दिवशी वाटलं नाही. आपण कधी जन्मलोच नसतो तर बरं होतं, एवढंच वाटत होतं.

मग उठला. दगड हातात घेऊन बघायला शिकला. दाणा, थर, भोकं, चमक. मनाशी विचारी, "तू आधी कोण होतास?" आणि मगच उचली. वर्षं गेली. टिटवीची पिल्लं उडाली, त्यांची पिल्लं उडाली. चुन्याने त्याच्या हातांची सालं गेली, केस पांढरे झाले, पाठ वाकली. प्रधान राज्य चालवी आणि दोन वेळची भाकरी पाठवी. पांढरा दगड तुळशीच्या कट्ट्याजवळ तसाच उभा होता.

भिंतींतून निघालेल्या चुन्याचं काय करावं, हे राजाला कळेना. मूर्तींचा तो चुना, त्याला परतायला जागाच नव्हती. टिटवी म्हणाली, "नदीला द्या. गोगलगाई नेतील, शिंपले नेतील, घरं बांधतील. पुढे त्यांचा थर होईल, थराचा दगड होईल. कधीतरी संगमरवरही होईल."

"कधी?"

"ते पाहायला तुम्ही नसाल. मीही नसेन."

राजाने चुना नदीला दिला. भावाचा तांबडा भुगा त्याने उपरण्यात बांधून ठेवला होता, तोही दिला. भाऊ परत आला नाही. रेती तेवढी पाण्याबरोबर गेली.

शेवटी पायाचा शेवटचा दगड उचलला, टेकडीवर ठेवला, आणि म्हातारा राजा अंगणात आला. पांढऱ्या दगडाला डोळे फुटले होते. कपाळ, ओठ, हात, सगळं सुवेलाचं होतं, आणि होती तेवढ्याच वयाची. कमरेखाली मात्र अजून दगड होता. तिने समोरच्या चुनाभरल्या माणसाकडे पाहिलं.

"आजोबा, इथे एक गड होता."

"होता. मी उतरवला."

"एकट्याने?" तिने त्याचे हात हातात घेतले, उलटेपालटे करून बघितले. मग तिचे डोळे भरून आले. "तुम्ही आधी कोण होता?"

"तुझा बाप," तो म्हणाला.

दगड आणखी गुडघ्यांपर्यंत उतरला आणि तिथे थांबला. मग तिने हळूच विचारलं, "बाबा, एवढे हाल सोसलेत. कुणासाठी?"

उत्तर त्याच्या जिभेवर तयारच होतं. आयुष्यभर तेच होतं. तो तोंड उघडणार, तोच त्याला दिसलं की लेकीचा श्वास थांबला आहे आणि हाताची बोटं पांढरी पडू लागली आहेत. त्याने तो शब्द गिळला.

"माझ्यासाठी," कीर्तिसेन म्हणाला. "गडही माझ्याच भीतीसाठी बांधला होता. तुझ्यावर त्यातलं काही नाही."

सुवेलाने पाय उचलला. मग दुसरा. आणि लहानपणी रडायची तशी मोठ्याने रडली.

भट्टीपाशी बसलेला शैलंधर उठला, फडकं झटकलं आणि आपल्या वाटेने गेला. सुवेला गादीवर बसली. तिच्या राज्यात दगड फोडण्याआधी तो हातात घेऊन बघायची रीत पडली, आणि दरबारात कुणालाही रागवायची मुभा मिळाली. ती पूर्वीसारखी हसली नाही. बदललेला दगड पुन्हा शिंपला होत नाही. पण संध्याकाळी बापलेक नदीवर जाऊन बसत. तांबडी रेती काठाशी आली की म्हातारा हात पाण्यात घाली आणि ती बोटांतून जाऊ देई.

दगड जागच्या जागी गेले, ओझं ज्याचं त्याच्याकडे गेलं, आणि गोष्ट सांगणाऱ्याच्या हातातही आता काही उरलं नाही.