दोन तोंडांची ट्राम

एका राज्यात राजधानी एक आणि शहरे दोन होती. तटाच्या आत मशाली जळत आणि तीनशे वर्षांचे सरदार पालखीतून हिंडत. तटाबाहेर विजेचे दिवे आणि ट्राम. मधे दरवाजा एकच. त्यात एकदा पालखी आणि ट्राम समोरासमोर आल्या. आधी जाण्याचा मान कुणाचा? तंट्यावर पोसणारा मांत्रिक वक्रनाथ तिथेच होता. त्याने शाप दिला, “जे वाहन पाठ दाखवील, ते माणसांसकट दगड होईल.” मागे वळलेल्या चार बैलगाड्या दगड होऊन पडल्या. सात वर्षे पालखी आणि ट्राम दरवाजात तशाच अडून राहिल्या. राजा सज्जातून पाही, समिती नेमी आणि जेवायला बसे.

अशात खेड्यातून गिरजाक्का सुईण आली. तटाच्या आत तिची लेक रेवू बाळंतपणात अडली होती, साळुंकीने सांगावा आणला होता, “सूर्य मावळायच्या आत पोच, नाहीतर लेकही जाईल, बाळही.”

“वाट सोड, बाबा,” गिरजाक्का म्हणाली.

“तीन कामे कर,” वक्रनाथ म्हणाला. “हा दगडी हत्ती हसव. ही तोफ रडते, तिला निजव. आणि दरवाजा मोकळा कर.”

गिरजाक्काने हत्तीच्या बेंबीला हिंग लावला. त्याचा पोटशूळ थांबला, तो खदखदून हसला. तोफेला तिने थोपटत अंगाई म्हटली; तोफ घोरू लागली. मग ट्रामभोवती एक फेरी मारून तिने हाकणाऱ्याला विचारले, “दादा, हिची पाठ कुठली?”

“हिला पाठ नाही, अक्का. दोन्हीकडे तोंडंच. पलीकडे जाऊन बसलो की तेच पुढं.”

“मग सात वर्षं गप्प का बसलास?”

“समितीनं सरदारांना विचारलं, प्रधानांना विचारलं. ट्राम हाकणाऱ्याला कोण विचारतो?”

तो आतल्या आत पलीकडच्या टोकाला गेला. घंटा वाजली, ट्राम निघाली. मागोमाग पालखी ताठ मानेने बाहेर पडली.

वक्रनाथ संतापला. आपल्या उडत्या खाटेवर बसून तो पाठ फिरवत तरातरा वळला आणि खाटेसकट दगड झाला. शाप देणाराच शापात सापडला, तसा शाप सुटला. बैलगाड्यांचे बैल शेपट्या हलवत उठले.

गिरजाक्का धावत लेकीच्या खोलीत शिरली. सूर्य तटाला टेकला आणि आतून ट्यांहा ऐकू आला.

“मुलगी,” रेवू दमून हसली. “आई, उशीर केलास.”

“मोठी माणसं मान ठरवत होती गं.”

राजाने समित्या मोडल्या आणि हुकूम काढला: ज्याची कुणी वाट पाहत असेल, तो आधी जाईल. आता सरदार ट्रामला हात करतात, ट्रामवाला पालखीला वाट देतो, आणि राजधानी एकच झाली आहे.