चिंबूला बीळ मिळेना

एक होती खेकडी. इवलीशी. तिचं नाव चिंबू.

चिंबू ओढ्यात राहायची. उन्हाने ओढा आटला. चिखल वाळला. चिंबूचं बीळ ढासळलं.

मग चिंबू निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. चालली, चालली, आणि एका तळ्याशी आली.

तळ्याकाठी एक बीळ होतं. रिकामं. गारेगार. पण दारात बसला होता बेडूक.

"बेडूकदादा, बेडूकदादा, सरक ना. मला बिळात राहू दे."

बेडूक म्हणाला, "तू आडवी चालतेस. इथे कुणी आडवं चालत नाही. कासवाने सांगितलं, तरच सरकेन."

चिंबू गेली कासवाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"कासवआजोबा, कासवआजोबा, सांगा ना.
बेडूक सरकेना,
मला बीळ मिळेना."

कासवाने मान आत घेतली. आतूनच म्हणालं, "तू आडवी चालतेस. बदकाने मानलं, तरच सांगेन."

चिंबू गेली बदकाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"बदकमावशी, बदकमावशी, मान ना.
कासव सांगेना,
बेडूक सरकेना,
मला बीळ मिळेना."

बदकमावशी डुलत डुलत मागे गेली. "तू आडवी चालतेस. मैना बोलली, तरच मानेन."

चिंबू गेली मैनेकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. मैना बाभळीवर बसली होती.

"मैनाताई, मैनाताई, बोल ना.
बदक मानेना,
कासव सांगेना,
बेडूक सरकेना,
मला बीळ मिळेना."

मैनेने वरूनच पाहिलं. "तू आडवी चालतेस. म्हैस हो म्हणाली, तरच बोलेन."

ऊन वाढलं. चिंबूची पाठ भाजू लागली. पाय सुकले. तरी ती गेली म्हशीकडे. तुरु... तुरु... तुरु...

म्हैस पाण्यात बसली होती. डुबुक.

"म्हैसकाकू, म्हैसकाकू, हो म्हणा ना.
मैना बोलेना,
बदक मानेना,
कासव सांगेना,
बेडूक सरकेना,
मला बीळ मिळेना."

म्हशीने विचारलं, "कुठून आलीस, बाळ?"

हे कुणी विचारलंच नव्हतं. चिंबूला रडू आलं. तिने ओढ्याचं सांगितलं. ढासळलेल्या बिळाचं सांगितलं.

म्हैस म्हणाली, "मीपण इथली नाही. लांबच्या बाजारातून आले. माझी वाकडी शिंगं बघून सगळे पळाले होते."

"मग?"

"मग सवय झाली. त्यांनाही, मलाही. तू राहा इथे."

म्हैस हो म्हणाली. मग मैना भुर्रकन उडाली आणि बदकाशी बोलली.
मैना बोलली, मग बदकाने मानलं.
बदकाने मानलं, मग कासवाने मान बाहेर काढली आणि बेडकाला सांगितलं.
कासवाने सांगितलं, मग बेडूक सरकला. टुणुक.
आणि चिंबूला बीळ मिळालं.

चिंबू आत गेली. ओल्या मातीत शांत बसली. पाठ गार झाली. पाय गार झाले.

थोड्या वेळाने बेडूक दाराशी आला. त्याने तिचं नाव विचारलं.

"चिंबू."

"मी डुंबू," बेडूक म्हणाला. मग त्याने आडवं चालून पाहिलं. एक पाय इकडे, एक पाय तिकडे. धप्प!

चिंबू खुदकन हसली. डुंबूही हसला.

मग दोघं पाण्यात गेली. तो टुणुक टुणुक, ती तुरुतुरु.